गाई-म्हशींचा विमा कसा काढायचा, कागदं काय लागतात आणि बिल्ला पडला तर काय करायचं

आपल्याकडं खेड, शिरूर, जुन्नर साईडला ट्रॅक्टरचा विमा कुणी चुकवत नाही पण गोठ्यातल्या दहा गाईंचा काढलेला नसतो. 2022 ला लंपी हा जनावरांचा त्वचेचा साथीचा रोग आला तेव्हा सरकारनं दगावलेल्या गाईमागं 30,000, बैलामागं 25,000 आणि वासरामागं 16,000 दिले, त्याची मदत झालीच, पण चालू दुधाची चांगली एचएफ (होल्स्टीन, जास्त दूध देणारी विदेशी जात) गाय 30,000 ला कुठं मिळते? म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

सुरुवात बिल्ल्यापासून. कानातला पिवळा, 12 अंकी नंबरचा. गावातल्या नाहीतर जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात सांगितलं की मारून देतात आणि भारत पशुधन पोर्टलवर नोंद करतात. 1 जून 2024 पासून राज्यात बिल्ल्याशिवाय जनावराची खरेदी-विक्री पण करता येत नाही. गाय चाकणच्या बाजारातून आणली असेल तर नोंद जुन्या मालकाच्याच नावावर असू शकते, ती आपल्या नावावर करून घ्या, हे बरेच जण विसरतात आणि नंतर अडकतात.

विमा गाय, म्हैस, बैल, शेळी, मेंढी सगळ्यांचा निघतो. राष्ट्रीय पशुधन अभियानात 2024 च्या बदलानंतर शेतकऱ्यानं प्रीमियमचे फक्त 15 टक्के भरायचे, बाकीचे केंद्र आणि राज्य भरतं. म्हणजे प्रीमियम समजा 3,000 आला तर आपले 450. एका शेतकऱ्याला 10 मोठ्या जनावरांपर्यंत ही सवलत आहे, शेळ्या-मेंढ्या असतील तर 10 शेळ्या म्हणजे एक मोठं जनावर असा हिशोब. दवाखान्यात विचारा सध्या उद्दिष्ट, म्हणजे सवलतीच्या विम्याचा कोटा, शिल्लक आहे का, नसेल तर पूर्ण प्रीमियम भरून थेट कंपनीकडनं काढता येतो, आणि माझं मत विचाराल तर दुभत्या जनावराला तसाही काढावा.

कागदं जास्त नाहीत. आधार, बँक पासबुकाचं पहिलं पान, मोबाईल नंबर, डॉक्टरांचा तब्येतीचा दाखला ज्यावर वय, वेत (कितव्यांदा व्यालेली), दूध आणि किंमत लिहिलेली असते, आणि बिल्ला स्पष्ट दिसेल असा जनावराचा मालकासोबत फोटो. किंमत डॉक्टर, कंपनीचा माणूस आणि आपण मिळून ठरवायची असते, तिथं गप्प बसू नका, दूध किती देते ते डेअरीच्या पावत्या दाखवून सांगा. आजारी जनावराचा विमा निघत नाही, आणि पॉलिसी घेतल्यावर आजारानं मेलं तर सुरुवातीचे काही दिवस भरपाई नसते, ते किती दिवस ते पॉलिसीवर वाचून घ्या.

आता माझं सांगतो. मागच्या पावसाळ्यात दुसऱ्या वेताची गाय पोट फुगून गेली. पॉलिसी चालू होती, पण दोन महिन्यांपूर्वी बिल्ला गव्हाणीच्या पाईपात अडकून तुटला होता आणि मी तो उचलून देव्हाऱ्याशेजारच्या डब्यात ठेवला होता, सवडीनं सांगू म्हणून. कंपनीच्या माणसानं कान हातात धरला, कानाला नुसती फाटलेली चीर, बिल्ला नाही. डबा आणून दाखवला, उपयोग झाला नाही, क्लेम नाकारला. घरच्यांनी त्या गाईला वासरापासून वाढवलेलं. त्यामुळं हात जोडून सांगतो, बिल्ला पडला की त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा, नवीन मारून घ्या आणि नवीन नंबर कंपनीला लेखी कळवून पॉलिसीवर चढवून घ्या, पोच सांभाळा.

जनावर दगावलं तर आधी कंपनीला कळवायचं, शक्यतो त्याच दिवशी, आणि त्यांचा माणूस किंवा डॉक्टर येईपर्यंत पुरायचं नाही, बिल्ला कापायचा नाही. बिल्ल्यासकट फोटो काढून ठेवा, मग पोस्टमार्टम. योजनेच्या नियमाप्रमाणं क्लेमला चारच कागदं लागतात: कंपनीला कळवल्याचा पुरावा, पॉलिसी, क्लेम फॉर्म, पोस्टमार्टम रिपोर्ट. ही दिल्यापासून 15 दिवसांत पैसे यायला पाहिजेत, कुणी पाचवा-सहावा कागद मागत राहिलं तर लेखी मागा म्हणावं.

विमा उतरवलेली गाय मधेच विकली तर उरलेल्या मुदतीची पॉलिसी घेणाऱ्याच्या नावावर करता येते, सौदा करताना ते बोलून घ्या. आणि जनावर आजारी पडलं, दवाखाना लांब आहे, तर 1962 ला फोन लावा, फिरतं पथक गोठ्यावर येतं, फोनवर बिल्ल्याचा नंबर विचारला तर हाताशी असू द्या.