पॅनेल येण्याआधी जोत्याचे कर्ण मोजा

"शेवटचं पॅनेल बसत नाहीये, तर जरा कापून घ्या ना!" कारखान्यात बनवलेल्या लाकडी पॅनेलचं, म्हणजे भिंतींच्या तयार भागांचं, घर जागेवर उभारायला घेतलं की हे आम्हाला हमखास ऐकावं लागतं. आम्ही पॅनेल कापत नाही. का, ते आधी समजून घेतलंत तर उभारणी रखडणार नाही.

अडचण बहुतेक वेळा जोत्यात असते. गवंडी चारही बाजू टेपनं मोजतो, मापं भरतात आणि सगळे निर्धास्त होतात. पण चारही बाजू बरोबर असूनही जोतं गुण्यात, म्हणजे कोपरे काटकोनात, नसू शकतं. 8 मीटर लांब आणि 6 मीटर रुंद जोत्याचे दोन्ही कर्ण 10 मीटरच भरायला हवेत. 8 मीटरची मागची बाजू आडवी 20 मिलिमीटर सरकली तरी बाजूंची मापं टेपवर तीच दिसतात, कर्णांत मात्र 30 मिलिमीटरहून जास्त फरक पडतो. विटांच्या बांधकामात एवढा फरक गिलाव्यात जिरतो. पॅनेलच्या घरात तो पुढे पुढे ढकलला जातो आणि शेवटच्या कोपऱ्यात उघडा पडतो.

तिथं करवत चालवली की कारखान्यात बंद केलेली कड उघडी पडते. ओल आत शिरते, लाकूड फुगतं आणि भिजलेलं इन्सुलेशन उष्णता अडवेनासं होतं. ज्या गारव्यासाठी आणि वीजबचतीसाठी तुम्ही हे घर निवडलंत, तोच जातो.

कारखान्यात घर बनतं म्हणजे कारागिरी उरली नाही, हा समज चुकीचा आहे. आमचे सुतार वाळवलेलं लाकूड रेषा पाहून निवडतात आणि सांधे हातानं जुळवतात. छपराखाली, पावसापासून दूर काम झाल्यानं ते नीट होतं. उरलेले तुकडेही वाया जात नाहीत, लहान चौकटींना लागतात. जोडणी बोल्टची असल्यानं पुढे घर वाढवायचं झालं तर भिंत न फोडता सोडवता येते.

जोतं आणि पॅनेल एकाच वेळी तयार होतात, म्हणूनच घर लवकर उभं राहतं. पण त्यामुळेच जोत्यातली चूक उशिरा कळते. म्हणून कर्णांची मापं हातात आल्याशिवाय आम्ही गाडी भरत नाही. काहींना ही अडवणूक वाटते, पण भरलेली गाडी जागेवर ताटकळत ठेवण्यापेक्षा हे तुमच्याच सोयीचं आहे.

ओतकामाची तारीख पक्की करण्याआधी आम्हाला कळवा. अँकर बोल्टचा (घर जोत्याला धरून ठेवणाऱ्या, काँक्रीटमध्ये रोवायच्या बोल्टचा) साचा आणि मापं घेणारा मिस्त्री आम्हीच पाठवतो, वेगळे पैसे न घेता. साचा बसल्याशिवाय काँक्रीट ओतू देऊ नका.