काडीच्या डोळ्यात काय आहे?

गोडी छाटणीचे, म्हणजे फळ धरण्यासाठी करायच्या छाटणीचे, दिवस जवळ आले की निफाड, दिंडोरीकडचे द्राक्ष बागायतदार काड्यांची जुडी घेऊन प्रयोगशाळेत जातात. काडीवरचा डोळा, म्हणजे जिथून नवी फूट येते तो कोंब, चिरून सूक्ष्मदर्शकाखाली धरला की आत घड आहे, बाळी (घडाऐवजी येणारा वेलीचा तंतू) आहे की काहीच नाही, ते कळतं. कितव्या डोळ्यावर छाटायचं, ते त्यावरून ठरतं. या काडी तपासणीला नवखे जातातच, पण बागेत उभी हयात घातलेली माणसंही जातात, याचं मला फार अप्रूप वाटतं.

डोळा बाहेरून फसवा असतो. यंदाचा घड एप्रिलच्या खरड छाटणीनंतर फुटलेल्या नव्या काडीवर, डोळ्याच्या आत सूक्ष्म रूपात आधीच तयार झालेला असतो. त्या काळात आभाळ भरून राहिलं, ऊन कमी मिळालं, तर घडनिर्मिती घटते. काडी मात्र वरून चांगली दिसू शकते. अनुभवाने नजर तयार होते, पण सालीच्या आतलं ती पाहू शकत नाही. हे ज्याला उमगलंय तो आधी स्वतःचा अंदाज बांधतो, मग तपासून घेतो. अंदाज आणि निकाल यांत जो फरक निघतो, शिकणं तिथेच घडतं.

मेंदूचंही बरंचसं शिकणं असंच चालतं. मेंदूशास्त्रज्ञ वुल्फराम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूतल्या, डोपामाइन हे रसायन सोडणाऱ्या पेशींच्या नोंदी घेतल्या. अचानक फळांचा रस मिळाला की या पेशी जोरात उद्दीपित होत. रसाआधी दरवेळी एक खूण दाखवली, की काही दिवसांनी त्या खुणेलाच उद्दीपित होत आणि ठरल्याप्रमाणे मिळालेल्या रसाला गप्प राहत. खूण झाली आणि रस आलाच नाही, तर त्यांची हालचाल नेहमीपेक्षाही खाली जाई. म्हणजे या पेशी अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांतली तफावत कळवत होत्या. 1997 साली शुल्ट्झ, पीटर दायान आणि रीड माँटेग्यू यांनी ही मांडणी प्रसिद्ध केली.

अडचण अशी, की माणसाची आठवण ही तफावत गुपचूप बुजवून टाकते. 1972 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन चीन आणि सोव्हिएत संघाच्या दौऱ्यावर निघाले, तेव्हा बारूख फिशहॉफ आणि रूथ बेथ या मानसशास्त्राच्या संशोधकांनी इस्रायलमधल्या विद्यार्थ्यांना विचारलं, की दौऱ्यात काय काय घडण्याची किती शक्यता वाटते? दौरे आटोपल्यावर त्यांनाच पुन्हा विचारलं, तुम्ही तेव्हा काय आकडे दिले होते? जे घडलं असं त्यांना वाटत होतं, त्याला आपण जास्त शक्यता दिली होती, असं बहुतेकांना आठवत होतं. यात कुणी खोटं बोलत नव्हतं. ‘मला वाटलंच होतं’ हे माणूस अगदी मनापासून म्हणतो, म्हणून ते इतकं घातक. चूक झाली हेच आठवत नसेल, तर सुधारायचं काय?

म्हणून अंदाज लिहून ठेवावा, तोही आकड्यात आणि निकालाच्या आधी. बागायतदाराने फवारणीच्या वहीत ‘या प्लॉटमध्ये डाऊनी येण्याची शक्यता 30 टक्के’ असं लिहावं (डाऊनी हा द्राक्षावरचा बुरशीसारखा रोग), विद्यार्थ्याने पेपर देऊन आल्याआल्या गुणांचा अंदाज. आपण चुकू शकतो हे मानण्याची नम्रता हा स्वभावाचा गुण मानून आपण तिच्यावर अन्याय करतो. ती हिशेबाची सवय आहे, म्हणून ती कुणालाही लावून घेता येते.

‘आपल्याला काय कळतंय’ असं सतत म्हणत राहणं मात्र या हिशेबात बसत नाही. हवामानशास्त्रज्ञ ग्लेन ब्रायर यांनी 1950 मध्ये शक्यतांच्या अंदाजांना गुण देण्याची पद्धत सुचवली. तिच्या आजच्या सोप्या रूपात अंदाज आणि निकाल यांतल्या फरकाचा वर्ग करतात. आकडा जितका लहान तितकं चांगलं. ‘100 टक्के होणार’ म्हटलं आणि झालं नाही, तर 1, म्हणजे सगळ्यात वाईट. 70 टक्के म्हटलं आणि झालं, तर 0.09, नाही झालं, तर 0.49. आणि प्रत्येक वेळी ‘पन्नास-पन्नास’ म्हणून अंग काढून घेणाऱ्याच्या वाट्याला कायम 0.25 येतात, कमी नाहीत आणि जास्तही नाहीत.