लॅटिनमधली द्वितीया आणि चतुर्थी: आपल्या ‘ला’ने केलेला घोळ

‘गुलाम मालकाला पाहतो’ आणि ‘गुलाम मालकाला पुस्तक देतो’. मराठीत दोन्हीकडे ‘मालकाला’च. लॅटिनमध्ये मात्र पहिलं वाक्य ‘सेर्वुस् दोमिनुम् विदेत्’ आणि दुसरं ‘सेर्वुस् दोमिनो लिब्रुम् दत्’. पाहण्याची क्रिया थेट मालकावर होते, म्हणून दोमिनुम् ही द्वितीया. देण्याची क्रिया होते पुस्तकावर. मालक नुसता घेणारा, म्हणून दोमिनो ही चतुर्थी.

एकवचनात द्वितीयेची खूण म्हणजे शेवटचा ‘म्’: पुएल्लम् (मुलीला), दोमिनुम्, रेगेम् (राजाला). चतुर्थीत हेच शब्द पुएल्लाए, दोमिनो, रेगी असे होतात. अनेकवचनात द्वितीया ‘स्’वर संपते: पुएल्लास्, दोमिनोस्, रेगेस्. चतुर्थी पुएल्लीस्, दोमिनीस्, रेगिबुस्. नपुंसकलिंगी शब्दांची द्वितीया प्रथमेसारखीच असते, तिथे वेगळं पाठांतर नको.

दोमिनो हेच रूप पंचमीचंही आहे, इथे बरेच जण अडखळतात. ‘कुम् दोमिनो’ म्हणजे मालकासोबत. कुम्‌सारखं शब्दयोगी अव्यय त्या नामाला लागू होत असेल तर चतुर्थी डोक्यातून काढून टाका. लॅटिनमधलं असं एकही अव्यय चतुर्थी घेत नाही.

उलटी चूक निर्जीव वस्तूंची. आपण ‘पुस्तक पाहतो’ म्हणतो, ‘पुस्तकाला पाहतो’ नाही. त्यामुळे हात आपसूक ‘सेर्वुस् लिबेर् विदेत्’ लिहितो. लिबेर् ही प्रथमा झाली, हवं लिब्रुम्. मराठीत प्रत्यय दिसो न दिसो, लॅटिनमध्ये कर्माला तो लावावाच लागतो.

‘रोमला जातो’ यातला ‘ला’ तर चतुर्थीही नव्हे. शहराच्या नावाला दिशा दाखवताना अव्ययाशिवाय द्वितीया लागते: ‘रोमम् इत्’. चतुर्थी समजून ‘रोमाए’ लिहिलंत, तर वाचणारा त्याचा अर्थ ‘रोममध्ये’ असा घेईल. माणसाकडे जायचं असेल तर अव्यय लागतं: ‘अद् दोमिनुम् इत्’.

खरी कसोटी क्रियापदांची. ‘मुलांना अक्षरं शिकवतो’ यात घेणारी मुलं आहेत असं वाटतं, पण दोकेत् (शिकवतो) दोन्ही नामांना द्वितीयाच मागतं. ‘त्याला मदत करतो’ यातल्या अद्युवत्‌लाही द्वितीया. याउलट, पारेत् (आज्ञा पाळतो), क्रेदित् (विश्वास ठेवतो), नोकेत् (इजा करतो) यांना चतुर्थी. ‘मालकावर विश्वास ठेवतो’ म्हणजे ‘दोमिनो क्रेदित्’. इथे मराठीत ‘ला’ नावालाही नाही. म्हणून वहीत क्रियापद एकटं लिहू नका. ‘क्रेदो + चतुर्थी’ असं लिहा, आणि पाठही तसंच करा.

काही ठिकाणी मात्र मराठी चक्क कामाला येते. ‘मला आवडतं’ म्हणजे ‘मिहि प्लकेत्’, ‘मला दोन भाऊ आहेत’ म्हणजे ‘मिहि दुओ फ्रात्रेस् सुन्त्’. दोन्हीकडे ‘मला’च्या जागी मिहि, म्हणजे चतुर्थी, आणि भाऊ आपल्यासारखेच प्रथमेत.