सुपारीच्या काट्यावर चाकं

गोव्यात सावई-वेऱ्याला माझ्या बहिणीचं कुळागर, म्हणजे सुपारीची बाग, आहे. तिथल्या खोपीत सुपारीची पोती तोलायचा एक जुना वजनकाटा पडून असतो. गेल्या श्रावणात त्याच्यावर आम्ही मोटारीची चाकं चढवली.

कारण भाचा. गणेशचवथीला गाडी नटलेली हवी म्हणून त्याने आपल्या हॅचबॅकला १७ इंची काळे अलॉय, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे रिम, बसवून घेतले, आणि पंधरा दिवसांत तोंड पाडून बसला. "मामा, दिसते झकास, पण पिकअप गेला रे. अ‍ॅव्हरेजसुद्धा लिटरला अठरावरून सतरावर आला. दुकानदार तर म्हणाला होता, अलॉय म्हणजे हलकं."

जुनी चाकं खोपीतच पडून होती, त्यामुळे वाद घालत बसण्यापेक्षा तोलणं सोपं होतं. जुनं चाक, म्हणजे १५ इंची लोखंडी डिस्क आणि १८५/६५चा टायर मिळून, साडेसोळा किलो भरलं. नवं चाक, १७ इंची अलॉय आणि २०५/५०चा टायर, साडेएकोणीस. चाकामागे तीन किलो, चार चाकांचे बारा. भाचा काट्याकडेच संशयाने बघायला लागला.

दुकानदार अगदीच खोटं बोलला नव्हता. अ‍ॅल्युमिनियमची घनता २.७, लोखंडाची जवळपास ७.८, धातू हलका आहेच. पण लोखंडी डिस्क पातळ पत्र्याची असते. साध्या ओतीव अलॉयला तेवढीच ताकद द्यायची तर धातू जाड ठेवावा लागतो. त्यात इंच वाढले की बाहेरचं कडं वाढतं, आरे लांबतात, रुंदी वाढते. घडवलेला, म्हणजे दाबाखाली ठोकून आकार दिलेला अलॉय खरंच हलका असतो, पण त्याची किंमत ऐकून चवथीचा माटोळीचा, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळा-फुलांचा, बाजार आठवतो. बाजारातले बहुतेक अलॉय ओतीवच.

आता पिकअप. चाकातलं वजन इतर वजनापेक्षा महाग पडतं हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं, आणि मग कुणी सांगतं चाकातला एक किलो म्हणजे गाडीतले चार, कुणी सांगतं दहा. यातलं खरं किती हे बघायला कॅरमबोर्ड पुरतो. बोर्ड एका बाजूने पुस्तकांवर टेकवून उतरता करा. वरून एक बांगडी आणि एक स्ट्रायकर, दोन्ही कडेवर उभे धरून एकदम सोडा. स्ट्रायकर पुढे जातो. बांगडी प्लास्टिकची घ्या नाहीतर सोन्याची, लहान घ्या नाहीतर मोठी, तिला त्याच उतारावर सुमारे १५ टक्के जास्त वेळ लागतोच. स्ट्रायकरचं वजन मधल्या भागातही पसरलेलं असतं, बांगडीचं सगळं कडेला. कडेवरच्या वजनाला पुढेही न्यावं लागतं आणि तेवढ्याच वेगाने गरगर फिरवावंही लागतं. म्हणून त्याला ऊर्जा बरोबर दुप्पट लागते.

दुप्पट, दहापट नव्हे. रस्त्याला टेकणाऱ्या कडेवर बसलेला किलो दोन किलोंसारखा वागतो, आणि ती वरची मर्यादा आहे. आसाजवळचा किलो जेमतेम एका किलोसारखाच राहतो. १५ इंची चाकाचं धातूचं कडं टायरच्या त्रिज्येच्या सुमारे साठ टक्क्यांवर असतं. तिथला किलो साधारण १.४ किलो. १७ इंचीत तेच कडं बाहेर सरकतं आणि दीड किलोच्या जवळ जातं. भाच्याच्या बारा किलोंचा हिशेब मी टायरसकट मांडला, तो वीस-बावीस किलोंच्या आसपास आला. माणसांसकट साडेअकराशे किलोंच्या गाडीत हे झाले दोन टक्के. मागच्या सीटवर शाळकरी पोर बसलं तर कोणी पिकअप गेला म्हणत नाही.

मग त्याला जाणवलं ते काय? माझ्या मते खरा चोर वजन नव्हे, व्यास होता. टायरच्या कुशीवरचे, म्हणजे बाजूच्या भिंतीवरचे, आकडे वाचता आले तर तो घरबसल्या सापडतो. १८५/६५ आर १५ म्हणजे रुंदी १८५ मिलिमीटर, कुशीची उंची त्याच्या ६५ टक्के, म्हणजे १२० मिलिमीटर, आणि रिम १५ इंच, म्हणजे ३८१ मिलिमीटर. रिमच्या वर-खाली एकेक कूस धरून चाकाचा पूर्ण व्यास झाला ६२१ मिलिमीटर आणि वर थोडं. २०५/५० आर १७चा याच रीतीने जवळपास ६३७. अडीच टक्के मोठा. इंजिन आसाला जो पीळ देतं तो तेवढाच राहिला, पण चाकाची त्रिज्या वाढली की रस्त्यावरचा रेटा त्याच प्रमाणात घटतो. प्रत्येक गियर अडीच टक्क्यांनी लांब झाला म्हणा ना. वजनाचे दोन आणि व्यासाचे अडीच मिळून साडेचार टक्के, म्हणजे शंभरचा वेग गाठायला बारा सेकंद घेणारी गाडी आता साडेबारा घेणार. सपाटीला कळत नाही. चोर्ल्याच्या घाटात ट्रकच्या मागे दुसऱ्या गियरवर रेंगाळत असताना मात्र कळतं.

अ‍ॅव्हरेजची गंमत वेगळीच. गाडी किलोमीटर मोजते ते चाकाच्या फेऱ्यांवरून. मोठं चाक एका फेरीत जास्त अंतर कापतं, आणि ते गाडीला कोणी सांगितलेलंच नसतं. मीटरवर शंभर किलोमीटर पडले तेव्हा गाडी १०२.५ चालली होती. म्हणजे भाच्याचा सतराचा अ‍ॅव्हरेज खरा १७.४, पडलेल्या एका किलोमीटरपैकी जवळजवळ अर्धा नुसता मोजणीतच हरवला होता. बाकीची घट वजन, रुंद टायरचं घर्षण आणि वारा यांच्या नावावर. वेगाचंही तसंच, काटा ८० दाखवतो तेव्हा चाकं आधीपेक्षा अडीच टक्के जास्त धावत असतात. कारखान्यातून येणारा काटा सहसा खऱ्यापेक्षा थोडा जास्तच दाखवतो, त्यामुळे एवढा फरक पचून जातो. पण "चाकावरची कमान भरलेली दिसते" म्हणून पाच-सहा टक्के मोठा टायर घालणारेही मी पाहिलेत.

हे सगळं पेट्रोलचं आणि सेकंदांचं झालं. गोव्याच्या रस्त्यांवर मोठ्या चाकाची खरी किंमत वसूल होते ती खड्ड्यात. गाडीची बॉडी, इंजिन, माणसं हे सगळं स्प्रिंगवर तरंगत असतं. चाक, टायर, ब्रेक स्प्रिंगच्या खाली. पाठीवरच्या पिशवीत एक किलो जास्त टाकला तर चालताना फारसं काही वाटत नाही, पण तोच किलो कुळागरातल्या चिखलाच्या रूपाने गमबुटाला चिकटला तर प्रत्येक पाऊल जड. स्प्रिंगखालचा किलो हा गमबुटाचा किलो. जड चाक खड्ड्याच्या काठावरून वर फेकलं गेलं की त्याला परत खाली रस्त्यावर आणायला स्प्रिंग आणि शॉकअपला जास्त झगडावं लागतं, आणि चाक जितका वेळ अधांतरी, तितका वेळ ना ब्रेक ना स्टिअरिंग. उसगाव-धारबांदोड्याच्या बाजूला खनिजाच्या ट्रकांनी रस्त्याला लाटा पाडलेल्या असतात, तिथे वळणावर गाडी बाजूला थरथरत सरकते ती यामुळेच.

त्यात कूस १२० मिलिमीटरवरून १०२वर आलेली. टायरमधली हवा हीसुद्धा स्प्रिंगच आहे, ती आखूड झाली. खड्ड्याची धार आणि रिमची कड यांच्यामध्ये रबर चिमटलं की आतले धागे तुटतात आणि दुसऱ्या दिवशी कुशीवर फुगा दिसतो. फुगा आलेला टायर पंक्चरवाल्याला दाखवू नका, सरळ बदला.

आखूड कुशीचा फायदाही आहे, तो नाकारू नये. स्टिअरिंग वळवलं की टायर आधी लवत बसत नाही, गाडी लगेच वळते. कोरड्या रस्त्यावर रुंद टायर वळणात चांगला धरतो. भाच्याला हे आवडलंच होतं.

कोरड्या रस्त्यावर. आणि गोव्यात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. कदंब पठारावर आषाढातल्या सरीनंतर पाच मिलिमीटर पाणी साचलंय असं धरा, गाडी ताशी ८०वर. २०५ मिलिमीटर रुंदीच्या टायरला दर सेकंदाला सुमारे २३ लिटर पाणी वाटेतून हटवावं लागतं, म्हणजे जवळपास दोन कळशा. १८५च्या टायरला साडेवीस लिटर. नक्षीच्या खाचांतून एवढं पाणी बाजूला गेलं नाही तर टायर पाण्यावर चढतो आणि गाडी होडी होते. हवा कमी असली किंवा खाचा झिजल्या असल्या की हे आणखी कमी वेगाला घडतं.

खारा वारा हा किनाऱ्याकडच्या लोकांचा आणखी एक ताप. खड्ड्यात रिमच्या कडेचा लॅकर उडाला की तिथून खारट ओल आत शिरते आणि अ‍ॅल्युमिनियमवर किड्यांनी रेघा ओढाव्यात तशी पांढरी नक्षी पसरते. कातून चमकवलेल्या अलॉयला हे फार लवकर होतं.

भाच्याला मी १६ इंच आणि १९५/५५चा हिशेब करायला लावला. व्यास आला ६२०.९, मूळ चाकापेक्षा जेमतेम अर्धा मिलिमीटर कमी, कूस १०७. चवथीच्या दोन दिवस आधी आम्ही फोंड्याला गेलो, यावेळी खिशात हुकाचा लटकता काटा घेऊन. दिसायला जवळपास सारखे दोन रिम, एक भरला सव्वासात किलो, दुसरा नऊ. तिसरा लटकवायला हात पुढे केला तेव्हा मालक गल्ल्यावरून उठून आला.

"पात्रांव," तो म्हणाला, "चाकं घ्यायला आलात की इसवण मासळी?"