टिल्ट: एक शब्द, अनेक तोल

विंडोज एक्सपीच्या काळात सायबर कॅफेत ‘स्पेस कॅडेट’ हा पिनबॉल खेळलेल्यांना आठवत असेल. चेंडू निसटतोय असं दिसलं की टेबलाला धक्का द्यायची सोय होती. एकदोन धक्के खपायचे. अति केलं की ‘टिल्ट’ अशी अक्षरं उमटायची, चेंडू वर उडवणाऱ्या खालच्या पट्ट्या लुळ्या पडायच्या आणि चेंडू डोळ्यांदेखत खड्ड्यात. टेबल तर तसूभरही तिरकं झालेलं नसायचं. मग टिल्ट कसलं?

तिरकेपणा हा या शब्दाचा मूळ अर्थच नव्हे. जुन्या इंग्रजीतला त्याचा पूर्वज म्हणजे ‘डळमळीत’. पुढे मध्ययुगात क्रियापद झालं ते ‘पडणं, पाडणं’ या अर्थाने. ‘कलणं’ हा आज पहिला वाटणारा अर्थ थेट सोळाव्या शतकाच्या अखेरीचा. आपल्याकडे यासाठी वेगवेगळे शब्द आहेत: घागर कलली तर पाणी वाचतं, लवंडली की गेलं. इंग्रजीने एकाच शब्दावर भागवलं.

त्यात आणखी एका अर्थाची भर पडली. भाले रोखून समोरासमोर दौडणाऱ्या सरदारांचे घोडे एकमेकांवर आदळू नयेत म्हणून पंधराव्या शतकात मध्ये आडोसा घालू लागले. आधी कापडाचा, मग फळ्यांचा. हा आडोसा म्हणजे टिल्ट. तंबूच्या कापडाला याच उच्चाराचा एक वेगळा शब्द होता, त्यावरून हे नाव पडलं असं अनेक कोशकार मानतात. हळूहळू खेळालाही टिल्ट म्हणू लागले. पहिली एलिझाबेथ गादीवर आली तो 17 नोव्हेंबर लंडनच्या व्हाइटहॉल राजवाड्यात याच खेळाने साजरा होई. आडोसा घोड्यांसाठी होता, स्वाराची हमी नव्हती. 1559 मध्ये फ्रान्सच्या दुसऱ्या हेन्रीच्या शिरस्त्राणात भाल्याची ढलपी घुसली आणि दहा दिवसांनी राजा गेला.

‘फुल टिल्ट’ म्हणजे भरधाव, हे त्या दौडीचंच देणं. स्पॅनिश कादंबरीतला खुळा सरदार डॉन किहोते 1605 मध्ये पवनचक्क्यांवर चालून गेला, त्यालाही इंग्रजीत हेच क्रियापद चिकटलं. गंमत म्हणजे ‘स्पेस कॅडेट’ मुळात 1995 च्या ‘फुल टिल्ट! पिनबॉल’ या संचातला. नावात घोडदौड, पडद्यावर दंड.

तो दंड अमेरिकेत 1930 च्या दशकात आला. खेळाडू यंत्राला खालून थपडा मारून गुण लाटतात हे पाहून हॅरी विल्यम्स या रचनाकाराने म्हणे आधी तळातून खिळेच ठोकले होते! मग जरा माणुसकीचा उपाय निघाला. पुढे रुळलेली युक्ती गवंड्याच्या ओळंब्यासारखी: धातूच्या कड्याच्या मधोमध एक वजन लोंबतं, हिसका बसला की ते कड्याला टेकतं, विद्युतमंडल पूर्ण होतं आणि तो चेंडू बाद.

भारताला मात्र हा शब्द चांगलाच झोंबला तो 1971 मध्ये. 3 डिसेंबरच्या वॉशिंग्टनमधल्या बैठकीत अमेरिकेचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार किसिंजर यांनी अधिकाऱ्यांना सांगितलं की राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना पाकिस्तानच्या बाजूने टिल्ट हवा आहे. पत्रकार जॅक अँडरसन यांनी ही टिपणं फोडली आणि पत्रकारितेचं 1972 चं पुलित्झर पारितोषिक मिळवलं. इथे मराठीतला ‘कल’ चपखल बसतो, मतमोजणीच्या सकाळी टीव्हीवर झळकतो तोच. फरक इतकाच, की तो कल लपवायचा होता.

पिनबॉलवरून शब्द पोकरच्या टेबलावर गेला, असं सहसा सांगितलं जातं. हातचा डाव दुर्दैवाने गेला की खेळाडू चिडून भलत्याच पैजा लावत सुटतो, तो ‘टिल्ट’वर. आता मोबाइलवर गेम खेळणारी आपली पोरंही सर्रास म्हणतात, “सोड रे, तो टिल्ट झालाय.” त्यांच्या आजीने याला ‘तोल सुटला’ म्हटलं असतं, आणि जुन्या इंग्रजीतल्या त्या डळमळीत अर्थाशी आजीचाच शब्द जास्त जुळतो.