३०० येनचे किट आणि त्यावरचा रंग : गंडमच्या छोट्या प्रतिकृतींची पार्श्वभूमी

जुलै १९८० मध्ये बांदाई या जपानी खेळणी कंपनीने ‘मोबाइल सूट गंडम’ या दूरचित्रवाणी मालिकेतील यंत्रमानवाचे एक प्लास्टिकचे किट ३०० येनला बाजारात आणले. खोक्याच्या झाकणावर पांढरा, निळा, लाल आणि पिवळा अशा चार रंगांतला गंडम रुबाबात उभा होता. झाकण उघडल्यावर मात्र हाती लागत होते ते एकाच पांढऱ्या प्लास्टिकच्या चौकटींना चिकटलेले सुटे भाग, गोंदाची एक छोटी पुडी आणि जुळणी समजावून सांगणारा कागद. झाकणावरचे चित्र आणि आतला पांढरा ऐवज यांच्यामधले अंतर ज्याचे त्याने आपल्या हाताने भरून काढायचे होते. विज्ञानकथेतील प्रतिकृती रंगवण्याची आज जी एक स्वतंत्र कला मानली जाते, तिचा मोठा हिस्सा या अंतरातून जन्मला आहे, आणि त्याचे मूळ किटच्या स्वस्ताईत आहे, असे माझे मत आहे.

स्वस्ताईचे गणित साच्यात असते. वितळलेले पॉलिस्टायरीन दाबाने पोलादी साच्यात भरून असे भाग तयार होतात. पोलादी साचा कोरून घेणे खर्चिक असते, पण एकदा तो तयार झाला की त्यातून हजारो नग काढता येतात आणि दर नगामागचा खर्च नगण्य होतो. मात्र एका वेळी साच्यात एकच रंग जातो. वेगवेगळ्या रंगांचे भाग हवे असतील तर साचे वेगळे करावे लागतात, जोडकामाची आखणी बदलते आणि किंमत चढते. शाळकरी मुलाच्या खिशाला परवडेल अशी किंमत ठरली, की रंग हा खर्च आपोआप ग्राहकाकडे जातो.

प्रमाणही अशाच हिशेबाने ठरलेले दिसते. मालिकेत गंडमची उंची १८ मीटर सांगितली आहे. १/१४४ प्रमाणात ती साडेबारा सेंटिमीटर होते, म्हणजे लहान खोक्यात आणि लहान किमतीत बसणारी. एका इंचाला बारा फूट असे हे प्रमाण विमानांच्या छोट्या किटमुळे शौकिनांना आधीपासून परिचित होते, त्यामुळे कल्पनेतला यंत्रमानव खऱ्या विमानाशेजारी मापात ठेवून पाहता येऊ लागला. पुढे रंगकाम करणाऱ्यांच्या मनावर या गोष्टीचा फार परिणाम झाला. एकदा वस्तूला प्रमाण मिळाले, की तिच्या पायाशी उभा असलेला माणूस बारा मिलिमीटरचा असणार हे कळते, आणि मग एक मिलिमीटर जाडीची ढालीची कड प्रत्यक्षात चौदा सेंटिमीटरहून जाड ठरते हे खुपू लागते. कडा तासून पातळ करण्याची खटपट तिथून सुरू होते.

स्वस्त किटची ही परंपरा अर्थात जपानच्या आधीची आहे. ब्रिटनमध्ये एअरफिक्स कंपनीने १९५२ मध्ये ‘गोल्डन हाइंड’ या जहाजाचे किट पिशवीत घालून वूलवर्थच्या दुकानांत दोन शिलिंगांना विकायला ठेवले, आणि प्रतिकृती जुळवणे हा सर्वसामान्य घरांतल्या मुलांचा छंद झाला. ही किट एकरंगी असत आणि रंगांच्या छोट्या डब्या वेगळ्या घ्याव्या लागत. मात्र रंगवायचे काय, याचे उत्तर तेव्हा सोपे होते. विमान किंवा जहाज खरे असल्यामुळे छायाचित्र पाहून रंग ठरवता येत होता.

जे यान अस्तित्वातच नाही ते खरे कसे दिसावे, हा प्रश्न आधी चित्रीकरणासाठी प्रतिकृती बनवणाऱ्यांना पडला. लंडनजवळच्या स्लाव येथे साठच्या दशकात ‘थंडरबर्ड्स’ ही बाहुल्यांची मालिका तयार होत असताना डेरेक मेडिंग्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यानांच्या प्रतिकृती मुद्दाम मळवल्या. नव्याकोऱ्या रंगाची लकाकी कॅमेऱ्यासमोर खेळण्यासारखी दिसते. धूर, तेलाचे ओघळ आणि पत्र्याच्या जोडांच्या रेषा दाखवल्या की तीच वस्तू अवजड भासते, हे त्यांनी ओळखले होते. बाजारातल्या स्वस्त किटमधले सुटे भाग यानांवर चिकटवून गुंतागुंत वाढवण्याची युक्तीही त्यांनी वापरली. पुढे ‘स्टार वॉर्स’ (१९७७) या चित्रपटासाठी काम करणाऱ्यांनी तीच युक्ती खूप मोठ्या प्रमाणावर वापरली, आणि त्यांच्या यानांवर चिकटलेल्या तुकड्यांत जपानी कंपन्यांच्या रणगाडा किटचे भागही होते.

याच ‘थंडरबर्ड्स’चा धागा जपानमध्ये जाऊन थेट गंडमच्या किटला मिळतो. ही मालिका जपानमध्ये १९६६ मध्ये दाखवली गेली. शिझुओका परिसरातल्या इमाई या कंपनीने तिच्या यानांची किट काढली आणि त्यांना तुफान मागणी आली. मात्र ही लाट ओसरताच कंपनी कोसळली. १९६९ मध्ये शिमिझू येथील तिचा कारखाना आणि साचे बांदाईने घेतले, आणि खेळणी विकणाऱ्या कंपनीच्या हाती किट बनवण्याची यंत्रणा आली. शिझुओका हे लाकूडकामाचे जुने केंद्र. लाकडी प्रतिकृती बनवणाऱ्या इथल्या कंपन्या साठच्या सुमारास प्लास्टिककडे वळल्या. तामिया ही त्यांच्यातली सर्वांत प्रसिद्ध कंपनी, आणि तिच्या १/३५ प्रमाणातील रणगाड्यांमुळे जपानमध्ये लष्करी प्रतिकृती रंगवणाऱ्यांची एक पूर्ण पिढी तयार झाली होती. चिखल, गंज, उडालेला रंग, पातळ काळ्या रंगाचे खाचांत उतरवलेले ओघळ, जवळजवळ कोरड्या कुंचल्याने उंचवट्यांवर दिलेली फिकी झाक या साऱ्या कृती या पिढीच्या हातात बसलेल्या होत्या. अमेरिकेत शेपर्ड पेन यांनी सत्तरच्या दशकात मोनोग्राम कंपनीच्या किटसोबत दिलेल्या पत्रकांतून अशाच कृती सामान्य शौकिनांपर्यंत नेल्या होत्या.

गंडम मालिका प्रथम दाखवली गेली तेव्हा ती फारशी चालली नाही. ७ एप्रिल १९७९ रोजी सुरू झालेली ही मालिका ५२ भागांऐवजी ४३ भागांतच आटोपती घेण्यात आली. दिग्दर्शक योशियुकी तोमिनो यांनी यंत्रमानवाला अजिंक्य नायक न करता युद्धातले एक शस्त्र म्हणून दाखवले होते. माणसाने आत बसून चालवायचे, कारखान्यात तयार होणारे, बिघडणारे आणि दुरुस्त होणारे असे ते यंत्र होते. लहान मुलांपेक्षा थोड्या मोठ्या वयाच्या प्रेक्षकांना हे भावले. पुनःप्रक्षेपणांमुळे मालिकेचा बोलबाला वाढला, नेमकी त्याच काळात किट दुकानांत आली, आणि १९८१ पासून चित्रपटगृहांत आलेल्या तीन भागांनी मागणी अशी वाढवली की पुरवठा तोकडा पडू लागला. जानेवारी १९८२ मध्ये चिबा प्रांतातल्या एका दुकानात किट घेण्यासाठी धावलेली मुले सरकत्या जिन्यावर एकमेकांवर पडून जखमी झाली, इतकी ही ओढ होती.

रणगाडे रंगवणाऱ्या पिढीने हे किट हाती घेतले तिथे खरा बदल घडला. ‘हॉबी जपान’सारख्या मासिकांनी ३०० येनच्या या वस्तूला लष्करी प्रतिकृतीच्या तोडीची वागणूक दिली. यंत्र युद्धातले आहे, तर त्यावर धूळ का नको, तुकडीचा क्रमांक का नको, दुरुस्तीच्या झडपांवर सूचना का नकोत, असा त्यामागचा विचार होता. मूळ रंगसंगती तर प्रायोजक खेळणी कंपनीच्या सोयीने भडक झालेली होती. त्यामुळे शौकिनांनी पांढऱ्यात किंचित राखाडी मिसळला, निळा मळकट केला आणि लाल विटकरीकडे झुकवला. आराखडे काढणारे कुनिओ ओकावारा यांनी स्वतःही लष्करी रंगांतली आणि खुणांनी भरलेली चित्रे काढली. १९८२ मध्ये बांदाईने त्याच धर्तीवर ‘रिअल टाइप’ नावाची १/१०० प्रमाणातील किट आणली आणि त्यांच्यासोबत चिकटवायच्या खुणांचे कागद दिले. पुढच्या वर्षी तर मालिकेत कधीच न दिसलेल्या प्रकारांची किट निघू लागली, आणि त्या आखणीत प्रतिकृती बनवणाऱ्या शौकिनांचा हात होता. रंगवणाऱ्यांनी कंपनीला वाट दाखवल्याचे इतके स्पष्ट उदाहरण या छंदाच्या इतिहासात मला तरी दुसरे माहीत नाही.

पहिल्या किटच्या उणिवा हीच त्या काळातली पाठशाळा होती. हात आणि पाय दोन फाकांत येत. त्या चिकटवल्या की मधोमध एक उभी रेघ उरे. खरे यंत्र असे चिंचोक्यासारखे मधून उकललेले नसते, म्हणून ती रेघ घालवणे हे पहिले काम. गोंद जरा जास्त लावून फाका दाबायच्या, विरघळलेले प्लास्टिक बारीक धारेसारखे बाहेर येऊ द्यायचे, ते पूर्ण वाळले की कानस आणि मग उत्तरोत्तर बारीक होत जाणारा पॉलिश पेपर पाण्यात बुडवून फिरवायचा. तरीही खड्डा राहिला तर पुट्टी, म्हणजे आपले रंगारी जिला लांबी म्हणतात ती, भरून पुन्हा घासायचे. अस्तराचा राखाडी हात दिल्यावर रेघ पुन्हा दिसली, तर काम मागच्या पायरीवर जाते.

दुसरी अडचण उभे राहण्याची. या किटचे पाय बाजूला पसरत नसत, त्यामुळे १८ मीटरचा योद्धा पहारेकऱ्यासारखा ताठ उभा राही. शौकिनांनी कमरेचा आणि घोट्याचा सांधा कापून, कोन बदलून, पुन्हा जोडून त्याला पाय फाकवून उभे केले. जपानी ‘हा’ या अक्षराच्या दोन तिरप्या रेघांसारखी ही ठेवण असल्याने तिला त्या अक्षराचेच नाव पडले. तिसरी अडचण थेट रंगाची होती. एका रंगाचा भाग दुसऱ्या रंगाच्या दोन फाकांमध्ये अडकवायचा असेल तर आधी जोडावे की आधी रंगवावे, हा पेच पडे. त्यावर आतल्या भागाची खुंटी किंवा खोबण अशा बेताने कापायची, की बाहेरचे जोडून, घासून, रंगवून झाल्यावर आतला भाग नंतर सरकवून बसवता येईल, असा तोडगा निघाला. ही युक्ती इतकी रुळली की पुढच्या काळात कंपनीच्या आखणीतच अशी सोय दिसू लागली.

रंगांच्या थरांचा क्रमही याच सुमारास शौकिनांमध्ये पक्का झाला. खाली लॅकर, वर इनॅमल, असा तो क्रम आहे. लॅकरचे थिनर तीव्र असते आणि रंग प्लास्टिकला घट्ट धरतो. इनॅमलचे थिनर सौम्य असल्यामुळे वाळलेल्या लॅकरला ते धक्का लावत नाही. म्हणून खाचांत सोडलेला काळा किंवा तपकिरी इनॅमल जास्त झाला तर कापसाच्या बोळ्याने पुसता येतो आणि खालचा रंग शाबूत राहतो. पण इनॅमलचे थिनर ताणाखालच्या प्लास्टिकमध्ये झिरपले की ते तडकते. गोंदाने जोडलेल्या जुन्या किटपेक्षा दाबून बसवायच्या नव्या किटमध्ये असा ताण अधिक असतो, त्यामुळे जुन्या सवयीने खाचा भरणाऱ्यांना नव्या किटवर जपून हात चालवावा लागतो.

लॅकरची आणखी एक खोड दमट हवेत उघड होते, आणि ती कोकणपट्टीत राहणाऱ्या कोणाही शौकिनाला चुकलेली नाही. थिनर झपाट्याने उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतली वाफ तिथे धरते आणि रंगावर दुधी साय चढते. मी स्वतः मुंबईतल्या जुलै महिन्यात गंडमच्या छातीचा निळा भाग रंगवला, तेव्हा दुसऱ्या हातानंतर तो पाहता पाहता राखट पांढरा पडला होता. सावकाश उडणारे थिनर मिसळून पुन्हा एक पातळ हात दिल्यावर निळा परत आला. जपानमध्येही जून-जुलै हा पावसाचाच काळ असतो, म्हणजे १९८० चे ते पहिले किट रंगवणाऱ्या मुलांनी ही साय नक्कीच पाहिली असणार.

कंपनीने मात्र रंगाचे ओझे हळूहळू स्वतःकडे घेतले. एकाच चौकटीत अनेक रंगांचे भाग ओतणारी यंत्रे आली आणि १९९० च्या ‘हाय ग्रेड’ मालिकेपासून गोंद व रंग यांच्याशिवाय चित्रासारखा दिसणारा गंडम तयार होऊ लागला. १९९५ च्या ‘मास्टर ग्रेड’ मालिकेने हाच बारकावा १/१०० प्रमाणात नेला. त्यामुळे पूर्वी सक्तीचे असलेले रंगकाम ऐच्छिक झाले, आणि ज्यांनी ते सोडले नाही त्यांचे लक्ष बारकाव्यांकडे वळले. नव्या रेषा कोरणे, पातळ प्लास्टिकच्या पट्ट्यांनी झडपा उभारणे, एकाच पांढऱ्याच्या दोन-तीन छटा शेजारी शेजारी देणे, ही कामे वाढली.

२००९ मध्ये तोक्योच्या ओदाइबा भागात १८ मीटर उंचीचा पूर्ण आकाराचा गंडम उभारण्यात आला. त्याच्या अंगावर पत्र्यांचे जोड, छटांचे फरक आणि सूचनांच्या बारीक खुणा होत्या. तीस वर्षे शौकिनांनी साडेबारा सेंटिमीटरच्या पुतळ्यावर जे रंगवले, तेच तिथे १४४ पट मोठे होऊन उभे असल्याचे माझ्यासारख्याला जाणवते. पुढच्या वर्षी तो शिझुओकात नेऊन ठेवला गेला, आणि त्याच वर्षी निघालेल्या ‘रिअल ग्रेड’ किटमध्ये त्या पुतळ्यावरचे जोड आणि खुणा पुन्हा १/१४४ प्रमाणात उतरल्या. १९८० च्या साच्यातले एकरंगी किटही मधल्या दशकांत पुन्हा पुन्हा छापून येत राहिले. आजही ते विकत घेणारे त्याच्या दोन फाका जोडतात, मधली रेघ घासतात आणि पांढऱ्या छातीवर निळ्याचा पहिला हात देतात.