कॉर्नेल विद्यापीठातील विद्यार्थी-मंडळे व विद्यापीठाभिमान (एकोणिसावे शतक)

अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यातील इथाका येथे, कायुगा सरोवराकाठच्या टेकडीवर, ७ ऑक्टोबर १८६८ रोजी कॉर्नेल विद्यापीठ सुरू झाले. तारयंत्राच्या व्यवसायात संपत्ती मिळविलेले एझ्रा कॉर्नेल हे त्याचे संस्थापक आणि इतिहासाचे प्राध्यापक अँड्र्यू डिक्सन व्हाइट हे पहिले अध्यक्ष होत. हार्वर्ड किंवा येल येथे विद्यार्थ्याला पिढ्यान्‌पिढ्यांच्या प्रथा आयत्या मिळत. कॉर्नेलच्या पहिल्या ४१२ विद्यार्थ्यांना त्या स्वतःच घडवाव्या लागल्या. हा अभिमान कसा घडला, याच्या नोंदी तारखांसह उपलब्ध असल्यामुळे हे उदाहरण अभ्यासकाच्या दृष्टीने विशेष मोलाचे आहे.

पहिल्याच सत्रात आयर्व्हिंग व फिलालेथियन ही साहित्य-मंडळे निघाली. निबंधवाचन, वक्तृत्व व वादविवाद हे त्यांचे कार्य होते. ‘कॉर्नेल इरा’ हे नियतकालिकही १८६८ मध्येच निघाले आणि १८८० पासून ‘कॉर्नेल सन’ हे विद्यार्थ्यांचे दैनिक प्रसिद्ध होऊ लागले. परंतु साहित्य-मंडळांचा प्रभाव पुढे ओसरला आणि ग्रीक अक्षरांची नावे धारण करणारी गुप्त बंधुमंडळे (फ्रॅटर्निटी) विद्यार्थिजीवनाच्या केंद्रस्थानी आली. व्हाइट स्वतः येलमध्ये अशा मंडळाचे सदस्य होते. विद्यापीठाच्या वसतिगृहांपेक्षा आपला कारभार आपणच पाहणारी, घरासारखी लहान निवासस्थाने तरुणांना अधिक जबाबदार बनवितात, असे त्यांचे मत असल्याने त्यांनी या मंडळांना उत्तेजन दिले. या धोरणाची दुसरी बाजूही होती. १८७३ मध्ये एका मंडळाच्या दीक्षाविधीच्या वेळी एक नवागत विद्यार्थी रात्रीच्या अंधारात घळीत कोसळून मरण पावला. शिवाय निवडक सदस्यांची अशी मंडळे विद्यार्थ्यांना एकत्र आणण्याऐवजी गटागटांत विभागत.

सर्वांना एका नावाखाली आणले ते गाण्याने आणि वल्ह्याने. १८७०च्या सुमारास आर्चिबाल्ड वीक्स व विल्मॉट स्मिथ या विद्यार्थ्यांनी ‘ॲनी लाइल’ या त्या काळच्या लोकप्रिय गीताच्या चालीवर सरोवर आणि टेकडीचे वर्णन करणारे गीत रचले. तेच पुढे विद्यापीठगीत झाले. नौकास्पर्धांचा परिणाम मात्र याहून तात्काळ झाला. जुलै १८७५ मध्ये साराटोगा येथील आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत, अवघ्या सात वर्षांच्या या विद्यापीठाच्या चमूंनी हार्वर्ड व येल यांसारख्या संस्थांना मागे टाकून प्रथम वर्षाची आणि मुख्य अशा दोन्ही शर्यती जिंकल्या. ही वार्ता येताच इथाकात विद्यापीठाच्या घंटा वाजविण्यात आल्या व तोफा उडविण्यात आल्या. जेनी मॅकग्रॉ यांनी देणगी दिलेल्या या घंटा उद्‌घाटनाच्या दिवसापासून विद्यापीठात निनादत होत्या. पुढच्या वर्षी या यशाची पुनरावृत्ती झाली. कॉर्नेल हे नाव अमेरिकेतील सामान्य वृत्तपत्रवाचकापर्यंत नेण्यात या दोन विजयांचा वाटा कोणत्याही मंडळाहून मोठा होता, असे म्हणणे योग्य ठरेल. फुटबॉलबाबत व्हाइट यांची भूमिका अगदी वेगळी होती. १८७३ मध्ये मिशिगन विद्यापीठाशी सामना खेळण्यासाठी विद्यार्थ्यांनी परवानगी मागितली असता, हवेने भरलेली पिशवी हलविण्यासाठी तीस जणांना चारशे मैल जाऊ देणार नाही, असे उत्तर त्यांनी दिल्याचे सांगतात.

वर्गावर्गांतील चुरस हाही या अभिमानाचाच भाग होता. परंतु तिला आवर घालणारे कोणी नसले की ती घातक ठरे. फेब्रुवारी १८९४ मध्ये प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांच्या मेजवानीत द्वितीय वर्षाच्या काहींनी क्लोरीन वायू सोडला आणि त्यात स्वयंपाकाचे काम करणाऱ्या एका स्त्रीचा बळी गेला. ज्या व्यक्तीचा त्या चुरशीशी काहीही संबंध नव्हता, तिने तिची किंमत मोजली, ही गोष्ट या काळाच्या कौतुकपर वर्णनांत झाकली जाऊ नये.

विद्यार्थिनींना १८७२ पासून रीतसर प्रवेश मिळू लागला आणि १८७५ मध्ये त्यांच्यासाठी सेज कॉलेज ही निवासाची इमारत उघडली. वर्गात समान असलेल्या या विद्यार्थिनींना पुरुषांची बंधुमंडळे मात्र आपल्या वर्तुळाबाहेरच ठेवीत. १८८१ मध्ये कॅपा अल्फा थीटा या भगिनीमंडळाची शाखा निघाल्यावर त्यांना स्वतःचे संघटित व्यासपीठ मिळाले. अंतिम वर्षातील निवडक विद्यार्थ्यांसाठी स्थापन झालेली स्फिंक्स हेड (१८९०) व क्विल अँड डॅगर (१८९३) ही सन्मानमंडळेही त्या शतकात केवळ पुरुषांचीच राहिली.